चौकापर्यंतचं पेट्रोल

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही, तेव्हा गॅरेज जोरात चाललंय असं धरून चालते. वहिनीला म्हणावं, नवरा पत्र लिहीत नसेल तर निदान तिनं तरी दोन ओळी खरडाव्यात. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे. सकाळी उठताना कुरकुरतो, आणि चहाच्या टपरीकडे जायचं म्हटलं की गुपचूप चालायला लागतो.

आता मुद्द्याचं. आमच्या गल्लीत गाड्या चोरीला जायची साथ आली आहे. आधी शिंप्याची स्कूटर गेली, मग समोरच्या कंपाउंडरची. तो खाली गाडी लावून वर जेवायला गेला आणि हात धुऊन खाली आला, तर जागेवर फक्त तेलाचा डाग. पोलिसांनी विचारलं, कुलूप होतं का. तो म्हणाला, दोन होती. ते म्हणाले, मग तुम्ही तुमच्या परीनं सगळं केलंत. झाली चौकशी.

माझा जीव टांगणीला लागला आहे. तुला माझं काम माहीत आहे. सकाळी लोक उपाशीपोटी माझी वाट बघत बसतात. रक्त दिल्याशिवाय त्यांना चहा नाही, त्यामुळे मला जरा उशीर झाला की सगळं घर दात-ओठ खात दारात उभं. मी पेटी घेऊन जिने चढते, बाह्या वर करायला लावते, शीर शोधते, आणि सगळा वेळ कान खाली रस्त्यावर. काल एका आजोबांनी मला विचारलं, सुई त्यांना टोचतेय की मला. लॅबच्या मालकांनी स्पष्ट सांगितलं आहे, गाडी असेल तोवर घरोघरची फेरी तुमची, नाहीतर दुसऱ्या मुली आहेत. फेरी गेली तर मी काय करणार? बाबांच्या पेन्शनीत दोघांचं भागत नाही, हे तुला सांगायला नको.

तू मागे सीटखाली जे छुपं बटण बसवून दिलंस त्याचा काही उपयोग राहिलेला नाही. बाबांनी ते टपरीवर सगळ्यांना सीट उचलून दाखवलं. माझ्या थोरल्याची करामत बघा म्हणाले. एकानं तर दाबूनही पाहिलं. त्यानंतर आठवड्याच्या आत गाडीची स्टेपनी गेली. गंमत अशी की तिसऱ्या दिवशी तीच स्टेपनी गाडीला टेकवून ठेवलेली सापडली, वर पुसूनबिसून. चोराला पश्चात्ताप झाला असेल असं बाबा म्हणतात. मला वाटतं चोराला ती पसंत पडली नसेल. पण पुढच्या वेळी तो अख्खी गाडीच पसंत करील.

काहीतरी कर, दादा. माया आहे ती टिकवून ठेव, आणि उत्तर लवकर पाठव.

तुझी,
डास


११ जानेवारी

चि. डास हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लोकांचं रक्त काढून पोट भरणाऱ्या बाईनं घाबरून कसं चालेल? तुझं पत्र वहिनीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सीट उचलून दाखवण्याच्या ठिकाणी आम्ही दोघं हसून हसून बेजार झालो. मग मला राग आला. बाबांनी जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली. पन्नास माणसांशी एकाच वेळी बोलायची सवय ती, रिटायर झाल्यावर सुटणार थोडीच. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. चूक माझी, मी ते बटण त्यांच्यासमोर बसवलं.

आता नीट ऐक. कुलूप म्हणजे चोराला नुसता उशीर. साखळी तो कापतो, हँडलचं लॉक लाथेनं तोडतो. गाडी सुरू झाली नाही तर टेम्पोत घालून नेतो. म्हणून मी उलटा विचार केला. गाडी सुरू झाली पाहिजे! चोराला वाटलं पाहिजे, जमलं. पेट्रोलच्या नळीवर, इंजिनाच्या झाकणाआड, मी आणखी एक कॉक, म्हणजे पेट्रोल बंद करायची छोटी तोटी, बसवणार आहे. बाहेरून दिसणार नाही. तू गाडी लावलीस की झाकणाखालून दोन बोटं आत घालायची आणि तो फिरवायचा. कार्बोरेटरमध्ये घोटभर पेट्रोल उरतं, त्याच्यावर गाडी पहिल्या किकला सुरू होईल, ऐटीत निघेल आणि तेवढं संपलं की बंद. तुमच्या दारापासून मोजलं तर ते पेट्रोल चौकापर्यंत पुरतं. चौकात वाहतूक पोलीस असतो. म्हणजे चोर आपल्या पायांनी येऊन पोलिसापुढे उभा राहील आणि किक मारत बसेल. कशी आहे युक्ती? वहिनी म्हणते, मी चोर व्हायला हवं होतं.

रविवारी येतो आणि बसवून देतो. एकच अट. बाबांना सांगायचं नाही. त्यांना म्हणायचं, कार्बोरेटर साफ केला. नाहीतरी गुडघ्यामुळे किक मारायची त्यांना मी बंदीच केली आहे, ते गाडीला हात लावणार नाहीत, मग त्यांना कळून करायचंय काय? साखळीच्या, चाकाच्या कुलपाच्या किल्ल्या हव्या तर त्यांच्याकडे दे, त्यांना खूश ठेवायला. हे पत्र वाचून फाडून टाक, ते तुझ्या उशीखालचं वाचतात.

सध्या एवढंच. लोभ कमी पडू देऊ नकोस. बाबांना नमस्कार सांग, बाकी काही सांगू नकोस.

तुझा,
दादा


२४ जानेवारी

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

तू आलास, रात्रभर राहिलास, घर भरल्यासारखं वाटलं. सुनेला आणायला हवं होतंस. पुढच्या खेपेला तिला आणल्याशिवाय तिकीट मिळणार नाही, असं समज.

तुझ्याशी थोडं बोलायचं होतं, पण तू अख्खा दिवस गाडीखाली आणि मी गाडीच्या बाजूला. मला दर थोड्या वेळानं कोपऱ्यावरून काहीतरी आणायला पाठवत होतास. एकदा चिंधी, एकदा साबण, एकदा पुन्हा चिंधी. बाबा रे, मी जन्मभर फुकट्यांना सीटखालून शोधून काढलंय. मला कोणी उगाच पाठवतंय हे मला कळत नाही का? कार्बोरेटर साफ केला म्हणालास. बरं, साफ केला. पण आता तुझी बहीण गाडी लावली की वाकते आणि चपलेचा पट्टा नीट करते. एकदा ठीक आहे. रोज? आणि तिच्या चपलेला पट्टाच नाही.

माझ्या गाडीत तुम्ही दोघांनी काहीतरी करून ठेवलंय. माझी म्हणतो, कारण ती येण्याआधी तुझी आई आणि मी किती वर्षं नंबर लावून बसलो होतो ते तुला आठवतं. तुझी आई मागे बसून माझ्या खिशात किल्ली आहे ना हे हात घालून बघायची. आता माझ्याकडे फक्त साखळीच्या किल्ल्या आहेत. तुझ्या बहिणीनं त्या मला समारंभपूर्वक दिल्या, दाराच्या मागे खिळा ठोकला, आणि म्हणाली आता जबाबदारी तुमची. लहान मुलाला खोटा फोन देतात तसं.

रागावलो नाही. मी बोलघेवडा आहे हे मला मान्य आहे. पण एखादी गोष्ट पोटात ठेवायची वेळ आली तर मी ठेवू शकत नाही असं तुला खरंच वाटतं का? मनात आलं तर दोन ओळीत कळव. नाही कळवलंस तरी माझं काही अडत नाही. गुडघ्यामुळे मी आता ती चालवणार नाहीच. फक्त ज्याची गाडी त्याला माहीत असावं, एवढंच म्हणणं.

सुनेस आशीर्वाद. तुमची माया म्हाताऱ्यावर राहू द्या.

तुझा बाप


३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती शंभर नंबरी! रविवारी दुपारी रस्ता मोकळा बघून मी कॉक बंद ठेवून गाडी काढली. पहिल्या किकला सुरू. चौक ओलांडता ओलांडता मधेच घशात काही अडकल्यासारखा आवाज केला आणि गप्प. ढकलत बाजूला घेताना मला इतकं हसू येत होतं की चौकातला पोलीस विचारायला आला, मॅडम बरं आहे ना. तोच तो, उंच, शिट्टी दातात धरून बोलणारा. मी त्याला म्हटलं, आज मीच चोर आहे. त्याला काही कळलं नाही.

गेल्या आठवड्यात कोणीतरी साखळी कापली होती, नवी आणली. गाडी मात्र जागेवर. नेता नेता कोणी आलं असेल. पण आता मी निश्चिंत आहे. परवा एका बाळाची शीर पहिल्या झटक्यात सापडली, त्याची आई माझ्याकडे बघतच राहिली. आता माझे कान खाली नसतात ना. चष्मा तेवढा लागतोच. तो नसला की मला सगळ्यांचे हात सारखेच दिसतात.

पण बाबांचं काय करू? तुझ्याकडून उत्तर आलं का म्हणून दोनदा विचारलं. मी गाडी लावते तेव्हा हल्ली ते मुद्दाम पाठ फिरवून उभे राहतात, मी वाकेन म्हणून. म्हणजे त्यांनी बघितलं असं मला वाटू नये. ते मला बघवत नाही, दादा. सांगून टाकूया का? टपरीवर सांगतील, सांगू देत. तू मोठा आहेस म्हणून विचारते.

रागावू नकोस. प्रेम असू दे.

तुझी,
डास


१० फेब्रुवारी

चि. डास हिस,
अनेक आशीर्वाद.

एवढ्यात नको. साखळी कापली गेली म्हणजे गाडीवर कोणाचा तरी डोळा आहे, आणि तू म्हणतेस टपरीवर दवंडी पिटू. जरा कळ काढ. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं येतोच आहोत, तेव्हा मी स्वतः बाबांना गाडीजवळ बसवतो आणि दाखवतो. पत्रात लिहिलं तर पत्र टपरीवर वाचून दाखवतील. महिनाभर रुसले तर रुसू देत, रुसलेले बाबा निदान कमी बोलतात.

हातात दोन इंजिनं उघडी पडली आहेत, घाईत लिहितोय. जीव लाव असाच.

तुझा,
दादा


१९ मार्च

चि. बहिणीस,
आशीर्वाद.

नेहमीचं नाव लिहायला हात धजत नाही, समजून घे. परवा रात्री घरी पोचलो. वहिनी तुझ्याजवळ आणखी दिवस राहायला हवी होती, पण तूच नको म्हणालीस.

तुझ्या घरात एवढे दिवस राहिलो आणि आपण दोघं एक अक्षर बोललो नाही. लोक येत होते, बसत होते, बाबांचे किस्से सांगत होते. तू चहा करत होतीस, मी कप विसळत होतो. बोलायला जागा होती, वेळ होता. माझी हिंमत झाली नाही. आता लिहितो.

त्या दिवशी पोलिसांच्या आवारातून गाडी सोडवायला आपण दोघं गेलो. पुढचं चाक दुमडलं होतं, हँडल फिरलं होतं. हवालदार सही कुठे करायची ते दाखवत होता आणि माझा हात आपोआप झाकणाखाली गेला. कॉक बंद होता. मी वर बघितलं तर तू माझ्याकडेच बघत होतीस. मग तू भिंतीकडे बघायला लागलीस.

चौकातल्या त्या पोलिसानं मला सगळं सांगितलं आहे. आजोबा छान सरळ येत होते म्हणाला. मधोमध गाडी बंद पडली. त्यांनी किक मारली, पुन्हा मारली, मारतच राहिले, गुडघा धरून. तो मदतीला निघालाच होता. उतारावरून वाळूचा ट्रक आला, त्याला आवरलं नाही. पोलीस तिथेच उभा होता बघ, मी तुला लिहिलं होतं तसा. मी जे जे लिहिलं होतं ते सगळं तसंच झालं. माणूस तेवढा वेगळा निघाला.

बाबांनी मला दोन ओळी मागितल्या होत्या. मी इंजिनं उघडी आहेत म्हणून लिहिल्या नाहीत. ते पत्र माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात पान्यांखाली आहे. खण उघडवत नाही, म्हणून पाने शेजारच्याकडून उसने आणतो.

निघायच्या आदल्या दिवशी हात रिकामे ठेवणं जमेना म्हणून मी ती गाडी सरळ केली. चाक बसवलं, हँडल बसवलं. कॉक काढायचा होता. पाना लावला आणि हात खाली आला. तसाच ठेवून आलो. मला माफ कर असं लिहिणार होतो, पण ते तू करायचं नाहीस.

तुझा,
दादा


२८ मार्च

ती. दादास,
सा. न.

तू बसवलास, पण रोज फिरवत कोण होतं? आदल्या संध्याकाळी मीच दोन बोटं आत घातली. दुसऱ्या दिवशी लॅबची व्हॅन मला कारखान्यातल्या तपासणी शिबिराला न्यायला येणार, गाडी घरीच राहणार, हे मला ठाऊक होतं. घरी राहणार म्हणून तर जास्त काळजीनं बंद केला.

चष्मा मी आरशाशेजारच्या फळीवर विसरले. कारखान्यात रांग लागली होती. पहिल्या माणसाच्या हातावर मी नुसती बोटांनी शीर चाचपत होते आणि मनात स्वतःला शिव्या देत होते. तेवढ्यात बाबांना फळीवर चष्मा दिसला असणार. टपरीवाल्याला जाता जाता म्हणाले म्हणे, पोरीचे डोळे घरी राहिलेत, पोचवून येतो. त्यांनी खिळ्यावरच्या किल्ल्या काढल्या, फळीवरची माझी गाडीची किल्ली घेतली. साखळी सोडली, चाकाचं कुलूप काढलं, दोन्ही नीट गुंडाळून दाराच्या आत ठेवलं. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. सुरू झाली म्हणजे आता कसलं कुलूप उरलंय, असंच कोणालाही वाटेल. चोराला वाटावं म्हणून आपण तसं केलं होतं, नाही का?

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता, पत्र्याच्या डबीत. काचेला साधा ओरखडा नाही. तोच लावून मी कामाला जाते. पायी जाते, त्यामुळे निम्मी घरं दुसऱ्या मुलीकडे गेली. लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधते, त्यांना मूठ आवळा म्हणते, आणि चष्मा काढायला ती डबी उघडली तेव्हाचा खट असा आवाज आठवतो. एका बाईंनी परवा विचारलं, बाबा हल्ली गॅलरीतून हाक मारत नाहीत ते. त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, हो, नाही मारत.

गाडी मला घरासमोर नको आहे. विकायला काढावी तर घेणारा एक चक्कर मारून बघणार. ते मला बघवणार नाही. म्हणून मी एक ठरवलं आहे. कॉक उघडा ठेवलाय, साखळी फेकून दिली आहे, आणि किल्ली गाडीलाच लावून ठेवते. या गल्लीतून दोन दोन कुलपं लावलेल्या गाड्या जातात, तर हिला कितीसा वेळ लागणार? कोणीतरी येऊ दे आणि घेऊन जाऊ दे.

वहिनीला सांग, मी जेवते.

तुझी,
बहीण


६ एप्रिल

चि. बहिणीस,
आशीर्वाद.

चांगलं केलंस. गेली की एका ओळीनं कळव.

मी गॅरेजवर जातो आणि येतो. काल एक माणूस गाडी घेऊन आला, म्हणाला चोरीची भीती वाटते, काहीतरी बसवून द्या, तुमचं नाव ऐकून आलोय. मी त्याच्यावर ओरडलो. एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारचा वेल्डर हातातलं टाकून धावत आला. तो माणूस बिचारा गाडी ढकलत निघून गेला. वहिनी मला म्हणते, थोडे दिवस बंद ठेवा. बंद ठेवून घरी बसलो तर तिथे भिंत आहे, आणि भिंतीकडे बघितलं की तू त्या आवारात भिंतीकडे बघत होतीस ते दिसतं.

तुला धीर द्यायला हवा, मोठा मी आहे. माझ्याकडे नाही.

दादा


२ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाडी गेली नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी शिंपी किल्ली घेऊन वर आला, विसरलात म्हणाला. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून ठेवली, तर कंपाउंडरची बायको घेऊन आली. मला रागावली, दुःख आहे मान्य, पण वस्तू सांभाळायला हवी. ऊन वाढलं तेव्हा कोणीतरी सीटवर जुनी चादर घातली. कोणी ते अजून कळलं नाही. शेवटी मी ती ढकलत चौकापलीकडे नेली, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, आणि किल्लीसकट सोडून पायी घरी आले. दुपारी दारात तो उंच पोलीस, घामानं निथळत. चढावरून ढकलत आणली होती. मी विचारलं, सुरू करून का नाही आणली. त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. त्याला मी पाणी दिलं, ते पिऊन तो गेला.

मग मी टपरीवर गेले. बाबा गेल्यापासून तिकडे फिरकले नव्हते. टपरीवाल्याला विचारलं, ही काय भानगड आहे, माझी गाडी कोणी का नेत नाही. तो म्हणाला, तुमची गाडी कोण नेणार? बाबांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, ती माझ्या मुलीची गाडी, तिच्यावर तिची भाकरी आहे, जरा लक्ष ठेवा. रस्ता झाडणाऱ्या बाईला सांगितलं होतं, भंगारवाल्याला सांगितलं होतं. स्टेपनी भंगारवाल्यानंच ओळखली आणि आणून ठेवली. साखळी कापणाऱ्याला इथल्याच दोघांनी पळवलं. आपण ज्याला दवंडी म्हणत होतो, दादा, तिच्यामुळे आपली गाडी राहिली होती. तुझा कॉक एकाही चोरापर्यंत पोचला नाही.

आणि बाबा टपरीवर आणखी एक सांगायचे. माझ्या पोरांनी गाडीत असं काही बसवलंय की मलासुद्धा पत्ता लागलेला नाही! हे ते ऐटीत सांगायचे म्हणे. घरी पाठ फिरवून उभे राहायचे आणि तिथे जाऊन कौतुक करायचे. मी तिथल्या बाकावर बसून रडले. टपरीवाल्यानं गिऱ्हाइकांना पलीकडे उभं केलं.

मी आता ती गाडी विकणार नाही आणि सोडणारही नाही. सोडताच येत नाही. फेरीतली उरलेली घरंही जायच्या आत मला ती चालवायला हवी. परवा काढली. चौकाच्या आधी उतरले आणि चौक ढकलत ओलांडला. रोज तसंच करते. परत आले, गाडी लावली, आणि माझी दोन बोटं आपोआप झाकणाखाली गेली. कॉक फिरवून मोकळी झाले तेव्हा मला कळलं. म्हणून तू ये. माझ्यावर उपकार कर आणि तो काढून टाक. दुसऱ्या कोणाला मी त्याला हात लावू देणार नाही.

एक गोष्ट तुला सांगायची नाही असं ठरवलं होतं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात बाबा थोडा वेळ शुद्धीवर होते. तू अजून प्रवासात होतास, संध्याकाळी पोचणार होतास. त्यांनी आधी विचारलं, चष्मा मिळाला का. मग म्हणाले, गाडी चौकात उघडी राहिली, कोणी नेली तर नाही ना. मी नाही म्हटलं. मग मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू म्हणाले, ती आपणहून बंद पडली हे थोरल्याला कळू देऊ नकोस, त्यानं रविवारभर खपून केली होती, त्याच्या जिवाला लागेल. म्हण, म्हाताऱ्याला सांभाळता आली नाही. मी हो म्हटलं.

त्यांनी तुझ्यासाठी एवढी एक गोष्ट पोटात ठेवली होती. माझ्या तोंडात मात्र तीळ भिजला नाही.

वहिनीला घेऊन ये. माया आता आपल्या दोघांतच उरली आहे, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
डास